रिक्षाचा इथे काय संबंध? राजकीय विनोदाची पातळी घसरते म्हणजे नेमकं काय होतं

मार्च २०२५ मधली गोष्ट. जेवणं आटोपली होती आणि धाकट्या भावाने मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून स्टँड-अप कॉमेडियन कुणाल कामराचा व्हिडिओ लावला. टीव्हीवर दोन दिवस दुसरा विषयच नव्हता. अण्णा, म्हणजे माझे वडील, एरवी असलं काही बघत नाहीत. त्यांनी कल्याण स्टेशनबाहेर २८ वर्षं रिक्षा चालवली, गुडघे साथ देईनासे झाले तेव्हा सोडली. एका गाजलेल्या हिंदी गाण्याच्या चालीवर विडंबन सुरू झालं. ठाण्याची रिक्षा, चेहऱ्यावर दाढी, डोळ्यांवर चष्मा. समोरचे प्रेक्षक हसले. पुढे 'गद्दार' हा शब्द आला, तेव्हाही हसले. अण्णा शेवटपर्यंत गप्प बसून बघत राहिले. मग म्हणाले, "गद्दार म्हणू दे, नाहीतर आणखी काही म्हणू दे. ते राजकारण झालं. पण मला सांग, रिक्षाचा इथे काय संबंध?"

राजकीय विनोद करणारे लोक फार खालच्या थराला जातात का, या वादावर मी त्यानंतर बरंच वाचलं. चर्चा ऐकल्या, कोर्टाचे निकाल वाचले. पण अण्णांच्या प्रश्नाइतकं कामाचं हत्यार मला दुसरं सापडलं नाही. हा लेख त्या प्रश्नाच्या आधारानेच पुढे जाणार आहे.

आधी घटना नीट समजून घेऊ, कारण पुष्कळ जणांच्या डोक्यात तिचे तुकडेच आहेत. कामराने 'नया भारत' हा कार्यक्रम २३ मार्च २०२५ रोजी यूट्यूबवर टाकला. त्यात त्याने नाव न घेता उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्यावर ते विडंबन म्हटलं होतं. संदर्भ जून २०२२ च्या बंडाचा होता, ज्यात शिवसेना फुटली आणि ३० जूनला शिंदे मुख्यमंत्री झाले. व्हिडिओ आला त्याच रात्री शिंदे यांच्या पक्षाचे कार्यकर्ते, कार्यक्रम जिथे झाला होता त्या मुंबईतल्या खारच्या 'हॅबिटॅट' स्टुडिओत घुसले आणि त्यांनी खुर्च्या, दिवे, सामान फोडलं. बारा जणांना अटक झाली, त्यांना लगेच जामीनही मिळाला. दुसऱ्या दिवशी, २४ मार्चला, महापालिकेचं पथक अनधिकृत बांधकाम पाडायला त्याच जागी पोहोचलं. कामरावर गुन्हे नोंदले गेले. त्याने माफी मागायला नकार दिला आणि शिंदेंबद्दल आपण जे म्हटलं तेच अजित पवार आधी म्हणाले होते, याची आठवण करून दिली. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी माफीची मागणी केली. शिंदे म्हणाले की तोडफोडीचं आपण समर्थन करत नाही, पण विनोदालाही मर्यादा हवी, क्रियेला प्रतिक्रिया येते.

आता यात किती वेगवेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत बघा. विनोद वाईट होता का? त्याने कुणी दुखावलं का? दुखावलं असेल तर पुढे करायचं काय? टीव्हीवरच्या चर्चेत हे सगळं एकाच वेळी बोललं जातं. एक जण तोडफोडीबद्दल विचारतो, दुसरा विनोदाच्या दर्जाबद्दल उत्तर देतो. मग असा समज पसरतो की विनोद वाईट ठरला तर तोडफोड थोडी तरी समजण्यासारखी, आणि तोडफोड वाईट ठरली तर विनोद आपोआप उत्तम. दोन्ही चूक आहे. वाईट विनोद केल्याने कुणाच्या खुर्च्या फोडायचा परवाना मिळत नाही, आणि खुर्च्या फुटल्या म्हणून विनोदाचा कस वाढत नाही.

चिमटा आणि कुचेष्टा

आपल्या भाषेने हे काम आधीच पुष्कळ करून ठेवलंय. दुसऱ्याला हसण्यासाठी मराठीत किती शब्द आहेत! थट्टा, मस्करी, चिमटा, कोपरखळी, टोमणा, खिल्ली, टिंगल, टवाळी, उपहास, हेटाळणी, कुचेष्टा. हे समानार्थी नाहीत. कोपरखळी मारायला माणूस शेजारी बसलेला लागतो, म्हणजे ती बरोबरीच्या नात्यात मारली जाते. चिमटा क्षणभर दुखतो आणि माणूस भानावर येतो. टवाळीला कारण लागत नाही, रिकामपण पुरतं. आणि कुचेष्टेत तर हेतूच खोटा आहे, शब्दाच्या सुरुवातीलाच तो 'कु' बसलेला आहे. आपण जेव्हा म्हणतो की अमुक कलाकार फार पुढे गेला, तेव्हा आपल्याला म्हणायचं असतं की त्याने चिमटा काढायचा होता आणि केली कुचेष्टा.

तमाशातला सोंगाड्या राजाचा चिमटा कसा काढतो ते आठवा. तो सिंहासनासमोर उभा राहतो, बावळट चेहरा करतो आणि एक साधा प्रश्न विचारतो. उत्तर राजालाच द्यावं लागतं आणि उत्तर देता देता राजाचं पितळ उघडं पडतं. सोंगाड्या गावातल्या चालू भानगडी त्यात मिसळतो, समोर बसलेल्या पाटलालाही सोडत नाही. अश्लीलही बोलतो. तरी त्याचा रोख कायम सत्तेच्या वागण्यावर असतो. शिमग्यात तर बोंब मारायची आणि शिव्या द्यायची उघड मुभाच होती, पण तिला दिवस ठरलेले होते. होळी झाली, धुळवड झाली, माणसं अंघोळ करून परत एकमेकांच्या घरी चहाला गेली. आता शिमगा फोनमध्ये आलाय आणि त्याला दुसरा दिवस उजाडतच नाही.

मग कोपरखळीची कुचेष्टा नेमकी कुठे होते? अण्णांची कसोटी इथे लावून बघू. माणसाच्या ज्या गोष्टीला तुम्ही हसताय, तिचा त्याच्या सार्वजनिक कृतीशी संबंध आहे का?

'गद्दार' हा शब्द कडक आहे, पण त्याचा थेट संबंध कृतीशी आहे. शिंदे पक्ष सोडून गेले की पक्ष वाचवायला बाहेर पडले, यावर महाराष्ट्रात खुशाल दोन मतं असू शकतात. २०२२ च्या ऑगस्टमध्ये विधान भवनाच्या पायऱ्यांवर विरोधी आमदार 'पन्नास खोके, एकदम ओके' अशा घोषणा देत होते, त्याच्यापुढे एका विडंबनातला शब्द नवीन नाही. तो आरोप पटो वा न पटो, तो राजकीय आरोप आहे आणि त्याला राजकीय उत्तर देता येतं. फडणवीसांनी तसं दिलंही. गद्दार कोण हे जनतेने २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत ठरवलं, असं ते म्हणाले. हे उत्तर मला आवडो की न आवडो, ते योग्य जातीचं उत्तर आहे.

रिक्षाचं काय? इथे मी बराच वेळ अडखळले. कामराच्या बाजूने असं म्हणता येतं की त्याने नाव घेतलं नव्हतं, त्यामुळे ओळख पटवायला खुणा हव्या होत्या. व्यंगचित्रकार इंदिरा गांधींचं नाक लांब काढायचे ते कुणाला हिणवायला नव्हे, तर कोण ते कळावं म्हणून. शिंदे स्वतः रिक्षा चालवल्याचं सांगतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही. हे सगळं खरं. तरीही नाक ही खूण आणि रिक्षा ही खूण यांत फरक आहे. रिक्षा हे काम आहे. ते काम आज सकाळीही हजारो माणसं करतायत. दाढीचष्म्याच्या रांगेत ते आलं, की ऐकणाऱ्याच्या कानावर असं पडतं की हा मूळचा कोण, तर रिक्षावाला. खारच्या त्या खोलीतले प्रेक्षक नेता ओळखू आला म्हणून हसले असतील, बहुतेक तसंच असेल. पण कल्याणच्या आमच्या स्वयंपाकघरात ते हसू वेगळं ऐकू आलं. ते विडंबन मी लिहिलं असतं तर ती ओळ काढली असती. 'गद्दार' ठेवला असता.

एका कवितेच्या २४ ओळी

ही कसोटी बाहेरच्या देशांत लावून बघितली तर आणखी स्पष्ट होते. जर्मनीतलं प्रकरण मला सगळ्यांत बोलकं वाटतं. ३१ मार्च २०१६ रोजी यान ब्योमरमान नावाच्या टीव्हीवरच्या विनोदवीराने तुर्कस्तानचे राष्ट्राध्यक्ष एर्दोआन यांच्यावर एक कविता वाचली. कायद्याने काय म्हणता येत नाही हे आता दाखवतो, असं आधीच सांगून त्याने ती वाचली. कविता मुद्दाम घाणेरडी होती, बरीचशी लैंगिक शिवीगाळ. तुर्कस्तानने खटल्याची मागणी केली. जर्मनीत परदेशी राष्ट्रप्रमुखाच्या अपमानाबद्दल शिक्षेचं एक जुनं कलम होतं, त्याखाली कारवाईला चान्सलर अँगेला मर्केल यांच्या सरकारने परवानगी दिली आणि देशभर गदारोळ झाला.

पुढे दोन गोष्टी झाल्या. फौजदारी चौकशी सरकारी वकिलांनी बंद केली आणि ते जुनं कलमच १ जानेवारी २०१८ पासून रद्द झालं. दुसरीकडे एर्दोआन यांच्या दिवाणी दाव्यात हॅम्बुर्गच्या न्यायालयाने कवितेच्या २४ ओळी एकेक करून तपासल्या. १८ ओळी पुन्हा म्हणायला मनाई केली, सहा राहू दिल्या. ज्या ओळी सत्ताधाऱ्याच्या कारभारावर होत्या त्या टिकल्या, शरीर आणि लैंगिकता यांवरच्या गेल्या. न्यायालयाने असं ओळी निवडत बसावं का, यावर माझं मत 'नाही' असंच आहे. तो प्रेक्षकांचा आणि टीकाकारांचा अधिकार आहे. पण ओळ न् ओळ वेगळी करून बघायची ती पद्धत उचलण्यासारखी आहे. आपण संपूर्ण कलाकार चांगला की वाईट असा निकाल देतो आणि तिथेच फसतो. एकाच गाण्यात एक ओळ न्याय्य आणि शेजारची ओळ हीन असू शकते.

अमेरिकेत २८ एप्रिल २०१८ रोजी व्हाइट हाउसच्या वार्ताहर संघटनेच्या मेजवानीत मिशेल वुल्फ या विनोदकारिणीने व्हाइट हाउसच्या प्रवक्त्या सारा सँडर्स यांच्यावर एक वाक्य टाकलं. सँडर्स त्याच मंचावर काही फुटांवर बसल्या होत्या. आशय असा की या बाई सत्य जाळतात आणि त्याच्या राखेने डोळ्यांचा मेकअप करतात. लगेच आरडाओरडा झाला की एका स्त्रीच्या दिसण्यावर हल्ला केला. वुल्फचं म्हणणं होतं की तिचे विनोद वागण्यावर होते, दिसण्याचा विषय टीका करणाऱ्यांनीच काढला. मला तिचं पटतं. त्या वाक्यातून मेकअप काढून टाका, खोटं बोलण्याचा आरोप शिल्लक राहतो. खोटं काढून टाका, काहीच उरत नाही. प्रवक्त्याचं काम माहिती देणं, म्हणजे संबंध अगदी थेट. पुढच्या वर्षी संघटनेने विनोदवीराऐवजी इतिहासकार रॉन चर्नो यांना बोलावलं. संघटना घाबरली, असंच मी म्हणेन.

त्याउलट २७ ऑक्टोबर २०२४. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ट्रम्प यांच्या प्रचारसभेत विनोदवीर टोनी हिंचक्लिफ याने अमेरिकेच्या अखत्यारीतल्या पोर्तो रिको बेटाला समुद्रात तरंगणारा कचऱ्याचा ढीग म्हटलं. तिथे सुमारे ३२ लाख माणसं राहतात. त्यांनी केलं काय? कोणता निर्णय घेतला, कुठे सत्ता वापरली? काहीच नाही. इथे कसोटी लावायलाही वेळ लागत नाही. प्रचाराच्या लोकांनीच नंतर हात झटकले.

आणि आपल्याकडचं? बाळासाहेब ठाकरे शरद पवारांना 'मैद्याचं पोतं' म्हणायचे. सभेत लोक हसून लोळायचे. हे सरळ शरीरावर होतं, अण्णांच्या कसोटीवर ते टिकत नाही. ते फारसं बोचलं नाही याचं कारण दोघांची ताकद बरोबरीची होती आणि मैत्रीही होती. २००६ मध्ये सुप्रिया सुळे राज्यसभेला उभ्या राहिल्या तेव्हा बाळासाहेबांनी त्यांच्याविरुद्ध उमेदवार दिला नाही. म्हणजे तेच शब्द, पण नात्यात बसलेले. मला मात्र दुसरी गोष्ट जास्त लागते. बाळासाहेब व्यंगचित्रकार होते. १९६० साली त्यांनी 'मार्मिक' हे व्यंगचित्र साप्ताहिक काढलं तेव्हा त्याच्या प्रकाशनाला मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण स्वतः आले होते. ज्या पक्षाचा जन्म कुंचल्यातून झाला, त्याच्या नावाने विनोदाचा मंच फुटावा, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

टाळी वेगळी, हशा वेगळा

कुचेष्टा एवढी का चालते, हेही बघायला हवं, कारण दोष फक्त मंचावरच्या माणसाचा नाही. विनोदाला दोन प्रतिसाद येतात, हशा आणि टाळी. हशा अनपेक्षित गोष्टीवर येतो, माणूस ठरवून हसत नाही. टाळी सहमतीवर येते. ज्या नेत्याचा आपल्याला राग आहे त्याला कुणी नुसतं नाव ठेवलं तरी टाळी पडते, त्यात विनोद असावा लागत नाही. मंचावरच्या माणसाला दोन्ही आवाज सारखेच गोड लागतात आणि टाळी मिळवणं सोपं असतं. हळूहळू तो सोपी वाट धरतो.

डॉल्फ झिलमन या अभ्यासकाने १९७० च्या दशकात हे मांडलं होतं. आपल्याला न आवडणाऱ्या माणसाची फजिती झाली की आपण जास्त हसतो, आवडत्या माणसाची झाली की कमी. ऐकायला हे उघड वाटतं, पण याचा अर्थ बघा. विनोद क्रूर आहे का, हे आपण मोजतच नाही. कुणावर आहे तेवढं मोजतो. २००९ साली ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी अमेरिकी टीव्हीवरचा विनोदवीर स्टीफन कोल्बेर याचा कार्यक्रम बघणाऱ्यांचा अभ्यास केला. कोल्बेर उजव्या विचारांच्या निवेदकाचं सोंग घेऊन त्याच विचारांची खिल्ली उडवायचा. उजव्या विचारांच्या पुष्कळ प्रेक्षकांना वाटत होतं की तो विनोदाचं फक्त नाटक करतोय, बोलतोय ते त्याचं खरं मत आहे. प्रत्येकाला आपल्याला हवं तेच ऐकू आलं.

हीन विनोदाचा परिणाम कुणावर होतो, याबद्दल थॉमस फोर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००८ चा प्रयोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. स्त्रियांबद्दल ज्यांच्या मनात आधीच आकस होता अशा पुरुषांना बायकांना हिणवणारे विनोद दिले, तर स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थेला देणगी द्यायची त्यांची तयारी कमी झाली. ज्यांच्या मनात आकस नव्हता त्यांच्यात तसा बदल दिसला नाही. विनोद नवा द्वेष पेरतो असं यातून म्हणता येत नाही. पण आत दडलेल्या द्वेषाला 'चल, आता बाहेर यायला हरकत नाही' असा इशारा मात्र तो देतो. म्हणून रिक्षा, जात, भाषा, व्यंग, रंग यांवरच्या विनोदाला मी 'घ्या की गमतीत' म्हणून सोडून देत नाही.

भरीला फोन. तासाभराच्या कार्यक्रमातून ४० सेकंद कापले जातात. आधी काय चाललं होतं, कलाकाराने स्वतःच्या बाजूलाही हाणलं होतं का, हे त्या तुकड्यात नसतं. आणि तुकडा पसरवणारे अनेकदा चाहते नसतातच. 'बघा, तुमच्या साहेबांना काय म्हटलंय' असं लिहून तो मुद्दाम साहेबांच्या माणसांकडे पाठवला जातो. खोलीत १०० माणसांनी हसून सोडून दिलेली ओळ लाखो चिडलेल्या माणसांपर्यंत पोहोचते.

दुखणं खरं असतं तेव्हा

आता अवघड प्रकरण. १९४९ साली व्यंगचित्रकार शंकर यांनी एक चित्र काढलं. संविधान तयार व्हायला वेळ लागत होता, म्हणून संविधानाची गोगलगाय दाखवली. तिच्यावर हातात चाबूक घेऊन बसलेले बाबासाहेब आंबेडकर आणि मागे चाबूक उगारलेले पंडित नेहरू. ते चित्र पुढे एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकात घेतलं गेलं आणि २०१२ मध्ये त्यावरून वादळ उठलं.

चित्रकाराच्या मनात बहुधा गोगलगायीचा संथपणा होता. माझी कसोटी लावली तर चित्र पास होतं, संविधानाच्या कामाची गती हा सार्वजनिक विषयच आहे. पण चित्राकडे आंबेडकरी घरातल्या मुलीच्या डोळ्यांनी बघा. बाबासाहेब पुढे, एक सवर्ण पुरुष मागे, आणि त्याच्या हातात उगारलेला चाबूक. त्या मुलीच्या आजोबांनी चाबूक हा शब्द व्यंगचित्रात वाचलेला नसतो, पाठीवर झेललेला असतो. तिला 'विनोद समजत नाही' असं म्हणणं हा उद्दामपणा आहे. संबंधाची कसोटी इथे अपुरी पडते, हे मी मान्य करते. विनोद कुठल्या दिशेने जातोय, वरून खाली की खालून वर, आणि त्या दिशेने आधी काय काय येऊन गेलंय, हेही बघावं लागतं.

आणि तरीही. मे २०१२ मध्ये पुण्यात, त्या पाठ्यपुस्तकाचे सल्लागार असलेल्या प्रा. सुहास पळशीकर यांच्या कार्यालयाची मोडतोड झाली, ते चूकच होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात बाळासाहेबांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर लिहिलं, मैत्रिणीने ते लाइक केलं, तर दोघींना अटक झाली आणि एकीच्या काकांचा दवाखाना फोडला गेला. दवाखान्याने काय केलं होतं? खारच्या स्टुडिओने तरी काय केलं होतं, मंच भाड्याने दिला होता एवढंच. वड्याचं तेल वांग्यावर, दर वेळी. यात एक हिशोब असतो. कलाकार एकटा असतो, तो कुठेही जाऊन बोलेल. पण जागा देणारे घाबरले की त्याला उभं राहायला जमीनच उरत नाही.

कायदा कुठे उभा आहे

संविधानाचं कलम १९(१)(क) बोलण्याचं स्वातंत्र्य देतं आणि १९(२) त्यावर बंधनं कुठल्या कारणांनी घालता येतील ते सांगतं. देशाची एकात्मता, सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी. या यादीत 'दुष्टपणा' नाही. 'नेत्याचे कार्यकर्ते चिडले' हेही नाही. बदनामी आहे, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली तिला दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, पण त्यातही लोकसेवकाच्या सार्वजनिक वागणुकीवर प्रामाणिकपणे मत देण्याला सूट आहे. म्हणजे अण्णांची संबंधाची कसोटी थोड्या वेगळ्या शब्दांत कायद्यातही बसलेली आहे.

पालघरच्या त्या अटकेनंतर एका कायद्याच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि इंटरनेटवरच्या 'आक्षेपार्ह' मजकुरासाठी अटक करू देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द झालं. तारीख होती २४ मार्च २०१५. बरोबर दहा वर्षांनी, २४ मार्चलाच, खारमध्ये हातोडे चालले.

त्यानंतर चारच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने काँग्रेसचे खासदार आणि कवी इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेवरचा गुजरातमधला गुन्हा रद्द केला. न्यायमूर्ती अभय ओक, मूळचे ठाण्याचे, आणि न्यायमूर्ती उज्ज्वल भुयां यांचं खंडपीठ होतं. शब्दांचा परिणाम तोलायचा तो विवेकी, खंबीर मनाच्या माणसाच्या मापाने. ज्याला जिथे तिथे धोका दिसतो अशा कच्च्या मनाच्या माणसाच्या मापाने नव्हे, असं त्यांनी म्हटलं. हे माप नवं नाही, न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी ते १९४० च्या दशकात नागपूरच्या उच्च न्यायालयात घालून दिलं होतं. प्रजासत्ताकाला ७५ वर्षं झाल्यावर एखाद्या कवितेने किंवा स्टँड-अप कॉमेडीने समाजात वैर पसरतं असं म्हणण्याइतके आपण डळमळीत असू नये, असंही त्या निकालात आहे. एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कामराची याचिका प्रलंबित असेपर्यंत त्याला अटक करू नये असा आदेश दिला, तपास मात्र चालू राहू दिला.

पण कोर्टात जिंकणं उशिरा येतं. स्टँड-अप कॉमेडियन मुनव्वर फारुकी याला १ जानेवारी २०२१ रोजी इंदूरमध्ये कार्यक्रमातूनच उचललं. जो विनोद तो करेल असं तक्रारदाराला वाटत होतं, त्यासाठी. सर्वोच्च न्यायालयाकडून जामीन मिळून बाहेर यायला महिन्याहून जास्त लागला. अशा वेळी 'विनोदवीर फार पुढे जातात का' हा प्रश्न मला अपुरा वाटतो. त्यांच्यातले काही जण जातात, मी वर उदाहरणं दिली. पण ते पुढे गेले तर आपण हसणं थांबवू शकतो, तिकीट काढणं थांबवू शकतो, तोंडावर सांगू शकतो. सत्ता पुढे गेली तर आपल्या हातात एवढं काही नसतं.

त्या रात्री मी अण्णांना विचारलं, "मग तुमच्या मते त्याला काय करायला हवं होतं?"

"कुणाला, कामराला? काही नाही," ते म्हणाले. मग त्यांनी स्टँडवरची एक गोष्ट सांगितली. रात्री शेवटच्या गाड्यांच्या आधी गिऱ्हाईक नसायचं, तेव्हा त्यांच्यातला एक जण नकला करायचा. आमदार, ट्रॅफिक हवालदार, आरटीओतले साहेब, कुणालाच सोडायचा नाही. तिथल्या नगरसेवकाला पोलिओ झालेला होता, तो पाय ओढत चालायचा. हा ती चाल करून दाखवायचा आणि सगळे हसायचे. एक दिवस त्यांच्याच रांगेतल्या एका रिक्षावाल्याच्या मुलाला पायाला कॅलिपर लागला. त्या रात्री नक्कल सुरू झाली आणि कुणीच हसलं नाही. कुणी काही बोललंही नाही. तो दोन पावलं तसाच चालला, थांबला आणि बिडी पेटवून रिक्षात जाऊन बसला.

"मग सोडल्या का त्याने नकला?"

"छे! चार दिवसांनी त्याच नगरसेवकाचं भाषण करून दाखवायला लागला. दर उन्हाळ्यात पाणी येणार, पाणी येणार म्हणून सांगायचा ना, ते. अगं, नगरसेवकाचा स्वतःचा ड्रायव्हर यायचा ऐकायला."